विषाणू सापडला नाही, म्हणजे नेमकं काय झालं?

प्रश्न असा आला आहे: भारतात २०११ नंतर जंगली (म्हणजे लशीतल्या नव्हे, निसर्गातल्या) पोलिओचा एकही रुग्ण नाही. तरी मुंबईसारख्या शहरांत मैलापाण्याचे नमुने घेणं थांबलेलं नाही. वर्षानुवर्षं काहीच सापडत नसेल तर हा खटाटोप कशाला? या विषाणूंची एवढी धास्ती असेल तर गटाराऐवजी नळाचं पाणी का तपासत नाहीत? आणि आमच्या सोसायटीच्या एसटीपीचा (मैलापाणी शुद्ध करणाऱ्या संयंत्राचा) नमुना कुठे तपासून मिळेल का? विचारणाऱ्या बाई स्वतः जलशुद्धीकरण केंद्रावर इंजिनिअर होत्या, त्यामुळे उत्तर जरा आतल्या भाषेत दिलं तरी चालेल असं धरतो.

तुमच्या प्रश्नातल्या एका शब्दाला माझी हरकत आहे: 'काहीच'. आमच्या बाटलीत काहीच सापडलं नाही असं सहसा होत नाही. झालंच, तर त्या दिवशी प्रयोगशाळेत कोणी खूश नसतं. का, ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

एन्टेरोव्हायरस हे आतड्यात वाढणाऱ्या विषाणूंचं मोठं खटलं आहे. माणसाला होणारे शंभराहून जास्त प्रकार त्यात येतात. पोलिओचे तीन प्रकार हे त्यातले बदनाम भाऊ. बाकीचे कॉक्सॅकी, एको आणि नंतर नावं सुचेनाशी झाल्यावर नुसते आकडे चिकटवलेले ए७१, डी६८ वगैरे. (कॉक्सॅकी हे न्यूयॉर्क राज्यातलं एक गाव. १९४८ साली तिथल्या मुलांच्या शौचातून हा विषाणू वेगळा काढला आणि गावाचं नाव कायमचं रोगाला लागलं.) बहुतेकांची रीत एकच: तोंडावाटे शिरायचं, घशात आणि आतड्यात वाढायचं आणि मग कित्येक आठवडे शौचावाटे बाहेर पडत राहायचं. ज्याच्या पोटात हे चाललेलं असतं त्या पोराला बहुधा पत्ताही नसतो. कोणाला दोन दिवस ताप, कोणाला पुरळ. एखाद्यालाच मेंदूज्वर, हृदयाची सूज किंवा लुळेपणा.

पोलिओ टाइप १ मध्ये साधारण २०० संसर्गांमागे एका मुलाला लुळेपणा येतो. टाइप २ मध्ये हे प्रमाण हजार-दोन हजारांत एक इतकं कमी आहे. म्हणजे पहिल्या मुलाचा पाय लुळा पडेपर्यंत विषाणू वस्तीत शेकडो घरं फिरून आलेला असतो. रुग्णावर नजर ठेवणं आवश्यक आहे, पण ते उशिराचं ज्ञान आहे. मैलापाण्यात लुळा पडलेला आणि न पडलेला असा भेद नसतो. सगळ्यांचं सगळं एकाच नाल्यात येतं.

तरी सुरुवात रुग्णांपासूनच करतो, कारण माझीही तिथूनच झाली. पंधरा वर्षांखालच्या कोणत्याही मुलाला अचानक हातापायाचा ढिला लुळेपणा आला की ती एएफपी केस. कारण जीबीएस हा मज्जातंतूंचा आजार असो, मज्जारज्जूची सूज असो, नाहीतर कंबरेत चुकीच्या जागी दिलेलं इंजेक्शन असो. डॉक्टरला 'हा पोलिओ नाहीच' अशी कितीही खात्री असली तरी केस नोंदवायची. मग लुळेपणा सुरू झाल्यापासून १४ दिवसांच्या आत शौचाचे दोन नमुने, मध्ये किमान २४ तासांचं अंतर ठेवून. प्रत्येक नमुना अंगठ्याच्या पेराएवढा. तो बर्फासकट कॅरिअरमध्ये, आणि त्या कॅरिअरवर मोठ्या अक्षरांत खूण, म्हणजे उद्या कोणी त्यातून लस नेणार नाही. साठ दिवसांनी पुन्हा जाऊन पाय बघायचा. मराठवाड्यातल्या एका तांड्यावर एका आजीने मला उभं-आडवं घेतलं होतं: "पोराचा पाय धरंना झालाय, अन् तुम्ही त्याची शी मागताय?" तिचं चूक काय होतं? पाय बरा करणारं माझ्याकडे काहीच नव्हतं. तरी तिने डबी भरून दिली. गूळ-पाणीही दिलं.

या कामात एक गोष्ट नव्या माणसाला उलटी वाटते. एखाद्या जिल्ह्याने वर्षभर 'एएफपी शून्य' कळवलं की त्याला शाबासकी मिळत नसे, विचारणा होत असे. पोलिओ नसला तरी इतर कारणांनी मुलांना लुळेपणा येतच असतो. पंधरा वर्षांखालच्या दर एक लाख मुलांमागे वर्षाला निदान एक तरी अशी बिगर-पोलिओ केस सापडली पाहिजे, हा जागतिक निकष. भारताने स्वतःसाठी तो दोनवर नेला. तेवढ्या सापडल्या नाहीत तर अर्थ सरळ होता: मुलं निरोगी आहेत असं नाही, तुम्ही बघत नाही आहात. शौचाच्या नमुन्यांनाही अशीच कसोटी लावतात. आलेल्या नमुन्यांपैकी दहा टक्क्यांच्या आसपास नमुन्यांत पोलिओ सोडून दुसरा कुठलातरी एन्टेरोव्हायरस वाढायला हवा. नाही वाढला तर बर्फ वाटेत वितळला, डबी चार दिवस कुठेतरी पडून राहिली किंवा प्रयोगशाळेतल्या पेशी म्हाताऱ्या झाल्या.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर खरं तर एवढ्यातच आहे. आता नाल्यावर जाऊ.

मैलापाण्यात पोलिओ शोधण्याची कल्पना नवी नाही. येल विद्यापीठातल्या जॉन पॉल आणि जेम्स ट्रास्क यांनी १९३९ च्या सुमारास साथीच्या शहरांतलं मैलापाणी माकडांना टोचून विषाणू असल्याचं दाखवलं होतं. तेव्हा पेशी वाढवण्याचं तंत्र नव्हतं, माकडंच होती. मुंबईत हे काम नियमित सुरू झालं २००१ मध्ये, परळला हाफकिनच्या आवारातल्या एन्टेरोव्हायरस संशोधन केंद्रातून. धारावी आणि आसपासच्या दाट वस्त्यांचं पाणी जिथे एकत्र येतं अशा जागा निवडल्या. नंतर २०१० मध्ये दिल्ली आणि पुढे पाटणा, कोलकाता अशी शहरं जोडली गेली.

जागा निवडणं हा या सगळ्यातला सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत कमी बोलला जाणारा भाग आहे. साधारण एक ते तीन लाख लोकांचं पाणी येईल अशी जागा उत्तम. त्याहून खूप मोठी घेतली तर एका गल्लीतला विषाणू पातळ होऊन हरवतो, लहान घेतली तर शहराबद्दल काही कळत नाही. कारखान्याचं पाणी मिसळत असेल तर रसायनांनी पेशीच मरतात. मुंबईत आणखी एक भानगड म्हणजे भरती. उघड्या नाल्यांत भरतीचं पाणी आत शिरतं आणि तुम्ही मैलापाणी म्हणून निम्मा अरबी समुद्र बाटलीत भरून आणता. म्हणून शक्यतो पंपिंग स्टेशनवर, आणि सकाळी, जेव्हा सगळं शहर संडासात असतं. बादली, दोरी, हातमोजे, लिटरभराची बाटली, बर्फाचा डबा. उपकरण म्हणाल तर एवढंच. आमच्याबरोबर येणाऱ्या पालिकेच्या एका मुकादमाला पाण्याच्या रंगावरून आणि वासावरून कळायचं की आज वरच्या बाजूला कुठलीतरी लाइन तुंबली आहे. त्याने "आज नको, साहेब" म्हटलं की मी ऐकायचो. त्याचं न ऐकून आणलेले दोन नमुने फुकट गेले होते.

प्रयोगशाळेत पहिलं काम आटवण्याचं. अर्धा लिटर पाण्यात पीईजी आणि डेक्स्ट्रान ही दोन रसायनं आणि मीठ घालून ढवळायचं आणि वेगळं करायच्या फनेलमध्ये चार अंशांवर रात्रभर ठेवायचं. सकाळी तळाशी एक पातळसा थर वेगळा झालेला असतो. विषाणू त्यात आणि दोन थरांच्या सीमेवर येऊन बसतात. क्लोरोफॉर्मने जिवाणू-बुरशी मारायची. अर्धा लिटरचं दोन चमचे झालं.

मग पेशी. दोन जाती वापरतात. आरडी ही माणसाच्या स्नायूच्या कर्करोगातून आलेली पेशी, तिच्यावर बरेच एन्टेरोव्हायरस वाढतात. दुसरी एल२०बी, आणि ही मला अजूनही कौतुकाची वाटते. ती मूळ उंदराची पेशी. उंदराच्या पेशीत पोलिओ शिरू शकत नाही, कारण त्याला लागणारं दार तिच्यावर नसतं. शास्त्रज्ञांनी माणसाच्या पेशीवरचं ते दार या पेशीवर बसवलं. त्यामुळे तिच्यावर पोलिओ झकास वाढतो आणि बाकीचे बहुतेक भाऊ बाहेरच ताटकळतात. मैलापाण्यात कॉक्सॅकी-एकोची एवढी गर्दी असते की ही चाळणी नसती तर पोलिओ त्या गर्दीत कधीच दिसला नसता. पाच दिवस रोज सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं, पेशी गोल होऊन सुटू लागल्या का. मग दुसऱ्या पेशींवर पुन्हा पाच दिवस. जे वाढलं त्याचा पीसीआर, आणि गरज पडली तर जनुकांचं वाचन.

जनुकांच्या या वाचनाने खेळच बदलला. पोलिओच्या व्हीपी१ या सुमारे ९०० अक्षरांच्या भागात वर्षाला साधारण एक टक्का बदल होतो, म्हणजे नऊएक अक्षरं. दोन विषाणूंत किती अक्षरांचा फरक आहे यावरून ते किती वर्षांपूर्वी वेगळे झाले आणि त्यांचं जवळचं नातं कुठल्या भागाशी आहे हे सांगता येतं. मुंबईत लुळेपणाची केस नसतानाही मैलापाण्यात जंगली पोलिओ मिळत होता, आणि त्याचं नातं पुन्हा पुन्हा उत्तर प्रदेशातल्या विषाणूंशी निघत होतं. मुंबईकराला याचं नवल वाटायचं कारण नाही, लोकमान्य टिळक टर्मिनसवर अर्धा तास उभं राहिलं की पुरे. पण फलाटावर पोरांना डोस पाजायला माणसं उभी करायची तर त्यासाठी असा पुरावा कामाला येतो.

आता त्या 'काहीच नाही'कडे. मैलापाण्याच्या जागेलाही एक निकष आहे: किमान निम्म्या नमुन्यांत कुठला ना कुठला एन्टेरोव्हायरस मिळालाच पाहिजे. आमच्याकडे एक जागा होती, वर्षानुवर्षं भरवशाची. एका हिवाळ्यात तिथले लागोपाठ तीन नमुने कोरे आले. ना पोलिओ, ना कॉक्सॅकी, ना लशीतला विषाणू. कागदावर हा निकाल सुंदर दिसतो. मी आणि माझी सहकारी जाऊन पाहतो तर वरच्या बाजूला नवी लाइन टाकून वस्तीचं पाणी दुसरीकडे वळवलेलं, आणि आमच्या जुन्या नाल्यात वाहत होतं ते बहुतेक धुण्याचं आणि गळतीचं पाणी. आम्हाला कोणी कळवलं नव्हतं, कळवायचं कोणाच्या ध्यानातही आलं नसेल. ते तीन नमुने आम्ही 'पोलिओ नाही' म्हणून मोजले असते तर मोठा घोटाळा झाला असता. पाणी कोरं निघालं म्हणूनच लबाडी कळली. म्हणून आमच्यासाठी कॉक्सॅकी आणि एको हे साक्षीदार आहेत. ते हजर असले तरच पोलिओच्या गैरहजेरीला वजन येतं.

भारताने हेच वजन उभं केलं. २००९ मध्ये देशात जंगली पोलिओचे ७४१ रुग्ण होते, २०१० मध्ये ४२. मैलापाण्यातला शेवटचा जंगली विषाणू नोव्हेंबर २०१० मध्ये मुंबईत मिळाला. शेवटचा रुग्ण पश्चिम बंगालमधल्या हावड्याचा, १३ जानेवारी २०११. त्यानंतर तीन वर्षं शांतता, आणि २७ मार्च २०१४ ला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र. त्या शांततेवर जगाने विश्वास ठेवला, कारण त्याच काळात एएफपीच्या केसेस भरपूर नोंदल्या जात होत्या आणि नाल्यांतून इतर एन्टेरोव्हायरस दणकून मिळत होते.

आता तपासणी बंद केली तर काय होईल, याची उदाहरणं बाहेर आहेत. इस्रायलने २००५ पासून फक्त टोचायची लस ठेवली होती, आणि लसीकरण उत्तम होतं. टोचायची लस मज्जातंतू वाचवते, पण आतड्यात विषाणू वाढायला तितकासा अटकाव करत नाही. २०१३ मध्ये दक्षिणेकडच्या राहत गावाच्या मैलापाण्यात जंगली टाइप १ मिळाला आणि मग महिनोन्‌महिने मिळत राहिला. एकाही मुलाला लुळेपणा आला नाही. गटार तपासलं नसतं तर कोणाला काही कळलं नसतं. त्यांनी तोंडावाटे द्यायची लस पुन्हा काढली आणि लाखो मुलांना पाजली. कैरोतही तसंच. इजिप्तमधला शेवटचा रुग्ण २००४ चा, आणि डिसेंबर २०१२ मध्ये गटारात मिळालेल्या विषाणूचं नातं थेट पाकिस्तानातल्या सक्करशी. २०२२ मध्ये लंडनला बेक्टनच्या शुद्धीकरण केंद्रात लशीपासून उपजलेला टाइप २ लागोपाठ मिळाला, तेव्हा रुग्णाची वाट न बघता लंडनमधल्या एक ते नऊ वर्षांच्या मुलांना जादा डोस द्यायचं ठरलं. त्याच उन्हाळ्यात न्यूयॉर्कजवळच्या रॉकलंड काउंटीत क्रम उलटा झाला. आधी एका तरुणाला लुळेपणा आला, मग कोविडसाठी जपून ठेवलेले जुने मैलापाण्याचे नमुने काढले, तर विषाणू त्याआधीच तिथे होता.

'लशीपासून उपजलेला' हे शब्द वाचून लोक दचकतात, म्हणून थोडं थांबतो. तोंडावाटे द्यायच्या लशीतला विषाणू जिवंत पण दुबळा असतो. बाळाच्या शौचातून तो बाहेर पडतो, आणि जिथे पुष्कळ मुलांनी लस घेतलेली नाही तिथे एकाकडून दुसऱ्याकडे जाता जाता, बदलता बदलता, पुन्हा ताकद कमावू शकतो. टाइप २ यात सर्वांत वाईट. जंगली टाइप २ चा शेवटचा विषाणू १९९९ मध्ये अलिगढला मिळाला होता. रोग गेला आणि लशीचाच उपद्रव उरला. म्हणून एप्रिल २०१६ मध्ये जगभर एकाच वेळी लशीतून टाइप २ काढून टाकला. त्या दिवसापासून गटारात टाइप २ चं अस्तित्व हीच बातमी झाली.

त्याची पहिली चुणूक हैदराबादला दिसली. अंबरपेटच्या मैलापाण्याच्या नमुन्यात टाइप २ चा बदललेला विषाणू मिळाला, आणि जून २०१६ मध्ये तिथल्या सुमारे तीन लाख मुलांना टोचायच्या लशीचा पाचवा हिस्सा कातडीत देण्याची मोहीम झाली. दुसरा प्रसंग आपल्या जास्त जवळचा. २०१८ मध्ये उत्तर प्रदेशातल्या शौचाच्या आणि मैलापाण्याच्या नमुन्यांत अचानक टाइप २ दिसू लागला, तोही ताजा, जणू काल बाटलीतून निघालेला. जनुकांच्या घड्याळानुसार तो फिरून-बदलून आलेला नव्हता. मग उरते एकच शक्यता: कोणीतरी तो आत्ता पाजत आहे. शोध घेतला तेव्हा एका उत्पादकाच्या दोन-प्रकारी लशीत टाइप २ मिसळलेला निघाला, आणि ती लस उत्तर प्रदेशाखेरीज महाराष्ट्र आणि तेलंगणातही गेली होती. ती तातडीने मागे घेतली. लशीच्या कारखान्यातली चूक गटाराने पकडली. 'काहीच सापडत नाही तर बंद करा' हा सल्ला मानला असता तर ही मिसळ किती वर्षं चालली असती, याचा विचार मी फार करत नाही.

आता नळाचं पाणी. इथे तुम्ही आणि मी एकाच बाजूला आहोत, फक्त माझं उत्तर तुम्हाला आवडणार नाही. पिण्याच्या पाण्यात थेट विषाणू शोधणं हा रोजच्या देखरेखीसाठी वाईट उपाय आहे. मैलापाण्यात लाखो लोकांचे विषाणू एकवटलेले असतात, म्हणून लिटरभर पुरतं. नळाच्या पाण्यात धोकादायक म्हणावी अशी मात्राही इतकी विरळ असते की शेकडो लिटर गाळावं लागतं, आणि पेशींवरचं उत्तर येईपर्यंत ते पाणी लोक पिऊन मोकळे झालेले असतात. त्यापेक्षा गढूळपणा आणि शिल्लक क्लोरीन यांवर दर तासाला डोळा ठेवा. लिटरमागे अर्धा मिलिग्रॅम मोकळं क्लोरीन, अर्धा तास संपर्क, पीएच आठच्या खाली आणि पाणी नितळ असेल तर एन्टेरोव्हायरसचं काही चालत नाही.

कोलीफॉर्म (पाणी दूषित झाल्याची खूण मानले जाणारे जिवाणू) नाहीत म्हणजे विषाणू नाहीत, हे मात्र मनातून काढून टाका. विषाणू क्लोरीनपुढे जिवाणूंपेक्षा जास्त तग धरतात. दिल्लीत नोव्हेंबर १९५५ मध्ये नजफगड नाल्याचं पाणी यमुनेत वझीराबादच्या उपसा केंद्राकडे शिरलं. केंद्रावर क्लोरीन वाढवलं गेलं, टायफॉइड-पटकीची लाट आली नाही, आणि काही आठवड्यांनी कावीळ उफाळली. सुमारे २९ हजार लोकांना. तो विषाणू एन्टेरोव्हायरस नव्हता, पुढे त्याला हिपॅटायटिस ई म्हणून ओळखू लागले. पण जिवाणूंच्या चाचण्यांवर विसंबून राहिलं की काय होतं याचा एवढा मोठा धडा दुसरा नाही. पिण्याच्या पाण्याच्या आपल्या मानकात, आयएस १०५०० मध्ये, एमएस२ या निरुपद्रवी विषाणूचा दाखला म्हणून वापर सुचवला आहे तो यासाठीच. किती पालिका तो करतात, हे मी तुम्हालाच विचारतो.

पोलिओ सोडून बाकीच्या भावांचं काय? इथे माझं आमच्याच धंद्याशी भांडण आहे. आरडीवर वाढलेला आणि पोलिओ नसलेला विषाणू 'एनपीईव्ही' अशा शिक्क्यानिशी बहुतेक वेळा फ्रीझरमध्ये जातो. साक्षीदार म्हणून त्याला बोलावतो, पण त्याचं नाव विचारत नाही. नाव विचारायला हवं. तैवानमध्ये १९९८ साली हात-पाय-तोंडाच्या आजाराच्या साथीत एक लाख २९ हजारांवर मुलं नोंदली गेली आणि ७८ दगावली, मुख्यतः ए७१ मुळे. फ्रान्समध्ये २०२२-२३ मध्ये एको ११ ने नऊ नवजात बाळांना यकृत निकामी होण्यापर्यंत नेलं, सात गेली. आपल्याकडे २०२२ मध्ये केरळातल्या पुरळ आलेल्या मुलांवरून 'टोमॅटो फ्लू' नावाची नवीच बला वर्तमानपत्रांत उगवली. केरळहून इंग्लंडला परतलेल्या दोन मुलांच्या तपासणीत निघाला जुनापुराणा कॉक्सॅकी ए१६. प्रकाराचं नाव पहिल्या आठवड्यात हाताशी असतं तर पालकांची एवढी घाबरगुंडी उडाली नसती. पुण्या-मुंबईतले बालरोगतज्ज्ञ दर पावसाळ्यात असे फोड आणि महिन्याभराने गळणारी नखं बघतात. नखं गळली की बहुधा कॉक्सॅकी ए६ असतो. पण 'बहुधा' हा शब्द काढून टाकायला कोणीतरी फोडातला स्राव किंवा शौच तपासायला पाठवलं पाहिजे.

इथे मैलापाण्याच्या मर्यादाही कबूल करतो. आरडी पेशीवर कॉक्सॅकी ए गटातले बरेच प्रकार नीट वाढतच नाहीत, म्हणजे फक्त पेशींवर अवलंबून राहिलं तर हात-पाय-तोंडाचा आजार पसरवणारे निसटतात. त्यांच्यासाठी थेट आटवलेल्या पाण्यातून जनुकं वाचावी लागतात. डोळ्यांची साथ आणणारे एन्टेरोव्हायरस ७० आणि कॉक्सॅकी ए२४ डोळ्यातून हाताला, हातातून रुमालाला असे जातात, त्यांच्यासाठी नाल्यापेक्षा नेत्रतज्ज्ञाचा कापसाचा बोळा बरा. डी६८ हा श्वासावाटे पसरणारा आहे, घशाचा नमुना हवा. आणि सगळ्यात मोठी मर्यादा: जिथे गटारच नाही तिथे हे काही नाही. सेप्टिक टँकवर जगणारी आपली निमशहरं आणि गावं आमच्या नकाशावर कोरी आहेत. तिथे अजूनही ती आजी, ती डबी आणि तो बर्फाचा डबा हेच चालतं. शिवाय नाला 'शहरात आहे' एवढंच सांगतो, 'कोणाच्या घरात' ते सांगत नाही. मला तर हा त्याचा गुणच वाटतो. कोणाचं नाव घ्यावं लागत नाही.

शेवटी तुमच्या एसटीपीचा नमुना. नका पाठवू. हजारभर माणसांच्या पाण्यात काही न मिळाल्याने काहीच सिद्ध होत नाही, आणि लशीतला विषाणू मिळाला (ज्या आठवड्यात कोणाच्या बाळाला डोस पाजला असेल त्या आठवड्यात तो मिळेलच) तर सोसायटीच्या ग्रूपवर काय गोंधळ होईल ते तुम्ही जाणता. दुसरं असं की पोलिओ असू शकेल अशी कुठलीही बाटली ही आता सुरक्षेच्या कडक नियमांत येणारी वस्तू आहे. ती ठरलेल्या प्रयोगशाळांखेरीज कुठे फिरू नये असाच जगभर प्रयत्न आहे.

त्यापेक्षा तुमच्या ओळखीत कुठल्याही मुलाचा हात किंवा पाय अचानक ढिला पडला, तर न्यूरॉलॉजिस्टच्या निदानाची वाट न बघता वॉर्डच्या किंवा तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्याला त्याच दिवशी फोन करायला सांगा. एमआरआय नंतरही होईल, शौचातला विषाणू थांबत नाही. आणि आईला एक तारीख नीट लिहून ठेवायला सांगा. फॉर्मवर लोक हमखास दवाखान्यात नेल्याची तारीख लिहितात. आमचे १४ दिवस पाय पहिल्यांदा ढिला वाटला त्या दिवसापासून मोजतात.